रंग जुळतात कुठे? रंगदृष्टी प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

विषय पक्का झाला. तिसऱ्या वर्षाचा गट यंदा माझ्याकडे आहे आणि मुलांना सौरघट वगैरे नेहमीचं काही नको होतं. मी रंगदृष्टी सुचवली. प्रश्न असा: दोन रंग ‘जुळले’ म्हणतो तेव्हा ते नेमके कुठे जुळतात? कापडावर, उजेडात की डोळ्यात?

पुण्यात हा प्रश्न कुणाला फार समजावून सांगावा लागत नाही. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये जा. गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढतं, काउंटरवरचे काका फळीवरून टू बाय टूचे तीन-चार तागे खाली ओढतात, एकेकाचं टोक साडीवर टाकतात आणि मग तागा काखेत मारून थेट दुकानाच्या पायरीवर येतात. “ताई, इथं उजेडात बघा, आत नका बघू.” आत ट्यूबखाली बेमालूम वाटलेला तुकडा पायरीवर मातकट निघतो, आणि आत जरा फिका वाटलेला तंतोतंत बसतो. उभी हयात काउंटरमागे गेलेल्या या माणसांना जे ठाऊक आहे, ते आम्हाला मोजून पाहायचं आहे.

दोन यंत्रं बनवायची. एक उजेडपेटी: कापडाचे तेच दोन तुकडे, दिवे वेगवेगळे. दुसरं ॲनोमॅलोस्कोप, म्हणजे माणसामाणसाच्या रंगदृष्टीतला फरक मोजणारं उपकरण: उजेड तोच, डोळे वेगवेगळे. आधी पेटी, कारण ती लवकर होईल.

मंगळवार, १७ जून

आज फक्त सोडियमचा दिवा. न्यूटन्स रिंग्ज या भिंगांच्या प्रयोगासाठी तो दरवर्षी लागतोच, पण आज भिंगं बाजूला ठेवून नुसता दिवा लावला आणि खिडक्यांचे काळे पडदे ओढून घेतले. सुरुवातीला त्याचा उजेड गुलाबी-तांबडा असतो, तो आतल्या निऑनचा. सोडियमची वाफ व्हायला काही मिनिटं लागतात, मग खोली पिवळीधमक होते. मुलांनी घरून रंगीत चिंध्या आणल्या होत्या. पिवळ्या उजेडात लाल, हिरवी, निळी, जांभळी असं काही उरलंच नाही. काही चिंध्या उजळ, काही काळपट, एवढाच भेद. एकीने आईची कुंकवाची डबी आणली होती. तिच्यात काळसर पूड दिसत होती. मोबाईलचा टॉर्च मारला की तेवढ्याच गोल तुकड्यात कुंकू लाल व्हायचं. मुलं कितीतरी वेळ तेच करत बसली आणि मी त्यांना थांबवलं नाही. हे पुस्तकात वाचणं निराळं आणि डोळ्यांनी पाहणं निराळं.

सोडियमच्या प्रकाशात मुख्यतः ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर अशा लगतच्या दोन रेषा असतात. कापड तेवढ्याच रेषा कमी किंवा जास्त परतवतं, दुसरी तरंगलांबी आणणार कुठून? “मग कापडाला स्वतःचा रंग नसतोच का, मॅडम?” असा प्रश्न आला. कापडाचा स्वतःचा असतो तो परतवण्याचा हिशेब: कुठली तरंगलांबी किती टक्के परत पाठवायची. त्या हिशेबाचा रंग व्हायचा तर पुरेसा उजेड लागतो आणि पाहणारा डोळा लागतो.

बुधवार, २५ जून

बुटांच्या खोक्यात जुन्या सीडीचा तुकडा बसवून वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडातल्या तरंगलांब्या वेगवेगळ्या करून दाखवणारी खोकी, तयार केले. सीडीवरच्या खोबणींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरला ६२५ रेषांची जाळी फुकटात मिळते. फट अरुंद हवी. दाढीच्या दोन पात्यांनी ती सुरेख होते.

पाऊस सुरू आहे, सूर्य नाही. आम्हाला हे सोयीचंच, कारण ढगाळ आकाशाचा उजेड चारी बाजूंनी सारखा येतो. त्याचा पट जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग. मग ट्यूब पाहिली. तिच्यात पाऱ्याची ५४६ ची हिरवी रेषा सुईसारखी उठून दिसते, ४३६ ची निळी-जांभळी दिसते, ६११ च्या आसपास आतल्या लेपाचा नारिंगी-तांबडा पट्टा दिसतो आणि मध्ये चक्क अंधारी जागा. एलईडी बल्बमध्ये ४५० च्या आसपास निळ्याचा उंचवटा, ४८० जवळ खड्डा, त्यापुढे पिवळ्याची रुंद टेकडी आणि गडद तांबड्याकडे घसरण.

तिन्ही उजेड पांढरे दिसतात. कोऱ्या कागदावर टाकले तर फार तर एक थोडा निळसर, एक थोडा पिवळसर म्हणाल. खोक्यात डोकावल्यावर मात्र तिघांचा एकमेकांशी संबंध नाही असं वाटतं. पायरीचं अर्धं उत्तर इथेच आहे: ज्या तरंगलांबीवर दोन कापडांत फरक आहे ती दिव्यात नसेलच, तर फरक दिसणार कसा?

बुधवार, २ जुलै

उरलेलं अर्धं उत्तर डोळ्यात आहे. आज तासभर फळ्यावर.

दृष्टिपटलावर उजेडात काम करणाऱ्या शंकू पेशी साधारण ६० लाख. त्यांचे तीन प्रकार. लांब तरंगलांबीच्या पेशी सुमारे ५६० नॅनोमीटरला सर्वांत तल्लख, मधल्या ५३० ला, आखूड ४२० च्या आसपास. त्यांना लाल, हिरव्या, निळ्या पेशी म्हणायची सवय मुलांना मोडायला लावली. ‘लाल’ म्हणतात त्या पेशीचं शिखर पिवळसर हिरव्यात आहे, आणि पहिल्या दोन प्रकारांचे आलेख एकमेकांवर इतके चढलेले आहेत की जवळपास प्रत्येक उजेड दोघींनाही चाळवतो. आखूडवाल्या पेशी एकूणात दहा टक्क्यांच्या आतच, आणि पीतबिंदूच्या अगदी मध्यभागी त्या नसतातच. आपली सर्वांत तीक्ष्ण नजर जिथे असते, तिथे निळ्याची दखल घेणारी पेशी नाही, आणि आपल्याला याचा पत्ताही लागत नाही.

मुख्य मुद्दा पुढचा. एका शंकू पेशीला तरंगलांबी कळत नाही. तिने किती प्रकाशकण टिपले एवढाच तिचा निरोप. मंद हिरवा असो की प्रखर तांबडा, टिपलेले कण सारखे तर निरोप सारखा. त्यामुळे शेकडो तरंगलांब्यांचा अख्खा पट मेंदूकडे निघतो तेव्हा त्याचे तीन आकडे झालेले असतात. किराणाच्या दोन वेगळ्या याद्यांची बेरीज सारखी येऊ शकते, आणि नुसती बेरीज पाहून कुणी यादी सांगू शकत नाही. इथे बेरजा तीन आहेत एवढंच. तिन्ही बेरजा जुळल्या की डोळा म्हणतो, रंग एकच. दिवा बदलला की दोन्ही याद्यांतले भाव बदलतात आणि बेरजा फुटतात. अशा जोड्यांना मेटॅमर म्हणतात.

रंग मोजायचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९३१ साली ठरलं ते याच पायावर. इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट यांनी १० जणांना आणि जॉन गिल्ड यांनी ७ जणांना तीन रंगांचे प्रकाश मिसळून दिलेला रंग जुळवायला लावला, त्या मापांतून ‘प्रमाणित निरीक्षक’ तयार झाला. छापखान्यातली शाई, मोबाईलचा पडदा, मोटारीचा रंग, सगळ्यांचा हिशेब आजही बहुतेक त्या १७ जणांच्या डोळ्यांनी चालतो. मला हे कमालीचं वाटतं, आणि थोडी काळजीही वाटते. प्रमाण लागतंच, पण आपल्या दारात उभा असलेला माणूस तो प्रमाणित निरीक्षक नसतो, हे विसरून चालत नाही.

शनिवार, १२ जुलै

उजेडपेटी चालू झाली. आतून करडा मॅट रंग, वर तीन दिवे बदलता येतात: साधा पिवळा बल्ब, ट्यूब, एलईडी. दिवसाच्या उजेडासाठी पेटी उत्तरेच्या खिडकीशी नेतो.

लक्ष्मी रोडवरच्या काकांनी चिंध्यांची मोठी पिशवीच दिली. त्यांना हेतू सांगितला तेव्हा ते म्हणाले, “मेहंदी आणि राखाडी घेऊन जा, तेच छळतात.” आणि तसंच झालं. डाळिंबी, राणी, मोरपंखी, हळदी असले खणखणीत रंग दिवा बदलला तरी फारसे फुटत नाहीत. फुटतात ते मेहंदी, शेवाळी, राखाडी, बदामी, कॉफी. कारण रंगाऱ्याच्या भांड्यात आहे. असा मळकट छटेचा रंग बहुधा दोन-तीन रंगद्रव्यं मिसळून बनतो, आणि तीच छटा निराळ्या द्रव्यांतूनही साधता येते. त्यात रेशमाला आम्लधर्मी रंग, सुताला रिॲक्टिव्ह किंवा व्हॅट, पॉलिस्टरला डिस्पर्स. रेशमी साडी आणि सुती ब्लाउजपीस यांचे पट एक येण्याची शक्यता मुळातच कमी.

एक जोडी सगळ्यांना आवडली: मेहंदी रंगाचा सुती तुकडा आणि त्याच रंगाचा पॉलिस्टरचा काठ. एलईडीखाली दोघांची कड शोधावी लागत होती. खिडकीशी नेल्यावर काठ तसाच राहिला आणि सुती तुकडा तांबूस तपकिरीकडे झुकला. बल्बखाली तर तो सरळ चॉकलेटी.

धूपछाँव कापड बाजूला काढून ठेवलं. त्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे नुसता कोन बदलला तरी रंग बदलतो. तो वेगळा विषय आणि फार देखणा विषय, पण या पेटीत तो घोळ घालेल.

शनिवार, १९ जुलै

ॲनोमॅलोस्कोपची जुळवाजुळव. तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एलईडीसाठी हिंडलो. ‘यलो द्या’ म्हटलं की यलो मिळतो, पण किती नॅनोमीटरचा हे गल्लीत कुणी सांगत नाही, म्हणून सीडीचं खोकं बरोबर नेलं होतं. दुकानदारही डोकावून बघायला लागले. एकाने तर गल्ल्यावरच्या पोराला हाक मारून दाखवलं.

यंत्र इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांच्या १८८१ मधल्या कल्पनेवर आहे. गोल क्षेत्राचे दोन अर्ध. खाली शुद्ध पिवळा, ५८९ च्या जवळचा. वर तांबडा आणि हिरवा यांचं मिश्रण. एक बटण मिश्रणाचं प्रमाण बदलतं, दुसरं पिवळ्याची प्रखरता. दोन्ही अर्ध एक दिसेपर्यंत बटणं फिरवायची. पुढे १९०७ मध्ये विलिबाल्ट नागेल यांनी याचं दवाखान्यात वापरता येईल असं उपकरण केलं आणि तीच पद्धत अजून पक्की मानली जाते.

हेच रंग का, यात सगळी खुबी आहे. हिरव्यापासून तांबड्यापर्यंतच्या या पट्ट्यात आखूड तरंगलांबीच्या पेशी जवळजवळ गप्प असतात. वयाबरोबर पिवळं पडणारं नेत्रभिंग आणि पीतबिंदूतलं रंगद्रव्य, दोन्ही मुख्यतः निळा प्रकाश शोषतात, त्यांचीही इथे लुडबुड नाही. म्हणजे तीन बेरजांतली एक वगळली गेली. आता लांब आणि मधल्या पेशींचाच हिशेब उरतो, आणि माणसामाणसांत सर्वांत जास्त फरक नेमका याच दोघींत असतो.

बांधणीत वेळ गेला तो हिरव्यावर. हिरव्या एलईडीचा पट ३० नॅनोमीटरहून रुंद असतो आणि आखूड बाजूला सांडतो. प्रकाशविद्युत प्रयोगातला ५४६ चा फिल्टर पुढे बसवला. प्रखरता विद्युतप्रवाहाने कमी-जास्त करायची नाही असं ठरलं, कारण प्रवाहाबरोबर एलईडीची तरंगलांबीही सरकते. आर्डुइनोने (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड) दिवा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा काळ बदलायचा. प्रकाश पसरवायला टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून लावला. क्षेत्राचा आकार दोन अंश, हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढा.

शुक्रवार, १ ऑगस्ट

पहिले निकाल. आधी आम्हीच बसलो. अंधारात पाच मिनिटं डोळे निवू द्यायचे, एका डोळ्यावर पट्टी, आणि घाई नाही. बहुतेकांची जुळणी बटणाच्या मधल्या भागात, थोडी इकडेतिकडे. तेवढा फरक स्वाभाविकच. लांब पेशीतल्या प्रथिनाच्या १८० व्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं असू शकतं, आणि दोन्ही प्रकार निकोप नजरेच्या लोकांत सर्रास आढळतात. तेवढ्यानेही पेशीचं शिखर काही नॅनोमीटर सरकतं.

मग गटातला एक मुलगा बसला. त्याने बटण हिरव्याच्या बाजूला बरंच पुढे नेलं आणि म्हणाला, “हे बघा, एकदम सेम.” आम्ही पाहिलं तर वरचा अर्धा हिरवागार, खालचा पिवळा. आमच्या जुळणीवर बटण आणलं तर त्याला वरचा अर्धा तांबडा दिसला. खोलीत थोडी शांतता झाली. त्याला बाहेर घेऊन गेले आणि नीट बोलले, कारण असल्या गोष्टी दहा जणांसमोर कळू नयेत. तो घाबरला नव्हता. उलट त्याला चार्जरचा दिवा, मेहंदीचा रंग, पेरूचं पिकलेपण अशा कितीतरी जुन्या गोष्टींचा उलगडा व्हायला लागला होता. त्याच्याच परवानगीने इथे लिहिते आहे.

जुळणी हिरव्याकडे सरकली की मधल्या पेशींचा आलेख लांब पेशींच्या दिशेने सरकलेला असतो. तांबड्याकडे सरकली तर उलट, आणि तेव्हा तांबडा काळपटही दिसतो. या मुलाला रंग दिसतात, भरपूर दिसतात. त्याची बेरीज वेगळी आहे. आमची जुळणी त्याच्या डोळ्याला जितकी चुकीची, तितकीच त्याची आमच्या डोळ्याला. प्रकाशाच्या दृष्टीने पाहिलं तर दोन्ही जुळण्या सारख्याच खोट्या: वर दोन रेषा आहेत, खाली एक.

वैद्यकीय निदान आम्ही करत नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

राखी पौर्णिमेला हिरव्याकडे जुळणी करणाऱ्या त्या मुलाची आई भावाकडे गेली, तोही गेला आणि मामाला मोजे जुळवायला लावून आला. मामाचंही तेच! आई म्हणाली, “तरी मी म्हणत होते, हा सगळा मामावर गेलाय.” जनुकशास्त्राच्या तासाला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

लांब आणि मधल्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्राच्या टोकाशी शेजारी शेजारी असतात. जेरेमी नेथन्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती वेगळी काढून वाचली. दोन्ही प्रथिनं ३६४ अमिनो आम्लांची आणि जवळपास ९६ टक्के सारखी. इतकी सारखी आणि इतकी जवळ असल्यामुळे बीजांड तयार होताना दोन एक्स गुणसूत्रांची अदलाबदल वेडीवाकडी होते: कधी एक जनुक गळतं, कधी दोघांचं मिळून संकरित जनुक बनतं. पुरुषाला एक्स एकच, तोही आईकडून, त्यामुळे जे आलं ते डोळ्यात उतरतं. आईला दोन असल्याने तिचं निभावतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत रंगदृष्टीतल्या अशा फरकाचं प्रमाण सुमारे ८ टक्के, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. रॅली यांनाही हे घरातच सापडलं होतं: त्यांच्या पत्नीच्या तीन भावांची जुळणी इतरांपेक्षा निराळी निघाली.

मुलाच्या आईला आता स्वतःचे डोळे तपासून घ्यायचे आहेत. अशा वाहक स्त्रियांच्या दृष्टिपटलावर कधी कधी चार प्रकारच्या शंकू पेशी असतात. न्यूकॅसलच्या गॅब्रिएल जॉर्डन यांच्या गटाने २०१० मध्ये अशा २४ स्त्रिया तपासल्या. त्यांतली एक खरोखर चार बेरजांनी रंग ओळखते असं आढळलं. आमच्या पेटीने तो निवाडा होणार नाही, पण त्यांना बोलावलं आहे. त्यांनी बसावं, पाहावं, प्रश्न विचारावेत.

सोमवार, १८ ऑगस्ट

गटाचं वाचन: जॉन डाल्टन. अणुवादाचा हाच डाल्टन. १७९४ मध्ये त्याने मँचेस्टरच्या सभेत स्वतःच्या रंगदृष्टीवर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा असा त्याचा कयास होता, आणि मरणानंतर डोळे उघडून पाहावेत असं त्याने सांगून ठेवलं होतं. १८४४ मध्ये तसं केलं. द्रव निळा नव्हता. डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले, आणि १९९५ मध्ये त्यांतून डीएनए काढून तपासलं तेव्हा मधल्या तरंगलांबीच्या पेशीचं जनुकच नव्हतं असं निघालं. कयास चुकला, पण तपासण्याची सोय त्याने स्वतः करून ठेवली होती म्हणून दीडशे वर्षांनी उत्तर मिळालं. मुलांना मी हे दोनदा सांगितलं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या एकेका शंकू पेशीचा प्रकार ओळखता येतो, हे मुलांना खरंच वाटेना. १९९९ मध्ये ऑस्टिन रूर्डा आणि डेव्हिड विल्यम्स यांनी ते करून दाखवलं. तंत्र खगोलशास्त्रातलं. हवेच्या थरथरीने ताऱ्याची प्रतिमा पसरते, ती लवचीक आरशाने क्षणोक्षणी सावरायची. पुण्यातल्या आपल्या आयुका या खगोलसंस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर रोबो-एओ ही दुर्बिणीची यंत्रणा उभारली ती यासाठीच. दुर्बिणीऐवजी डोळा घेतला की हवेच्या जागी डोळ्याचं भिंग येतं. त्यांनी तपासलेल्या दोन निकोप माणसांत एकाकडे लांब आणि मधल्या पेशी जवळपास सारख्या होत्या, तर दुसऱ्याकडे लांब पेशी जवळजवळ चौपट. तरी रंगदृष्टी दोघांचीही ठीक. पेशींची संख्या इतकी कमी-जास्त असूनही पिवळा दोघांना पिवळाच दिसतो, कारण मेंदू आयुष्यभराच्या उजेडावरून आपला काटा लावून घेत असावा. मला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

आणि याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं: लेझरने एकेक करत फक्त मधल्या पेशी चाळवल्या. निसर्गातला कुठलाही उजेड एकट्या मधल्या पेशींना हात लावू शकत नाही. पाच जणांनी तो रंग पाहिला, आणि आजवर न पाहिलेला गडद निळसर हिरवा असं त्याचं वर्णन केलं. वर्गात या बातमीवर इतका गलका झाला की तास संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या बुधवारपासून गणपती. काम थांबेल.

सोमवार, ८ सप्टेंबर

मॅचिंग सेंटरचे काका येऊन गेले, दुकान बंद असतं त्या वेळात. सत्तरीला आले आहेत. ॲनोमॅलोस्कोपवर त्यांची जुळणी आमच्यासारखीच मधली. मात्र ते बटण ज्या बेताने थांबवत होते ते बघण्यासारखं होतं: पुढे न्यायचे, नाही म्हणायचे, केसभर मागे घ्यायचे, आणि फेरीगणिक जवळपास तिथेच येऊन थांबायचे. आमच्यातल्या तरुण डोळ्यांची थांबण्याची जागा बरीच विखुरलेली होती. पेशी त्यांच्या काही निराळ्या नाहीत. लहानसा फरक दिसला तर तो फरक आहे असं मानायची आणि दोन्ही बाजूंनी तपासायची सवय निराळी आहे.

निळ्याच्या बाजूला वय जाणवतं. नेव्ही ब्लू आणि काळा यांतला फरक दुकानात आता आपल्याला लागत नाही, तो पुतण्याला विचारतो, असं ते मोकळेपणाने म्हणाले. वाढत्या वयात नेत्रभिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड आत कमी पोचतो, हे त्यांना आकृती काढून सांगितलं. त्यांनी आकृतीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज चर्चा झाली ती चाचण्यांच्या वापरावर. आमच्या गटातल्या त्या मुलाने विचारलं होतं: “माझं पुढे काय अडेल?”

रंगदृष्टी तपासायच्या इशिहारांच्या ठिपक्यांच्या पाट्या बहुतेकांना माहीत असतात. जपानचे नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी त्या १९१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. ठिपक्यांची शाई अशी निवडलेली आहे की ठरावीक उजेडात काही रंग काही डोळ्यांना एक दिसावेत. म्हणजे पाटी स्वतःच उजेडावर अवलंबून! ती दिवसाच्या उजेडात, पाऊण मीटरवरून, तीनेक सेकंदांत वाचायची असते. पिवळ्या बल्बखाली किंवा मोबाईलच्या पडद्यावर काढलेल्या निकालाला अर्थ नाही. आणि पाटी चाळणी लावते. फरक कुठल्या जातीचा आणि किती, हे ॲनोमॅलोस्कोपसारखं उपकरण सांगतं.

निकालाचं करायचं काय, हा प्रश्न वेगळा आणि जास्त मोठा. रेल्वे चालवणं, विमान चालवणं इथे सिग्नल रंगावर चालतात, तिथली कडक अट मला पटते. पण सरसकट दार लावणं पटत नाही. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नियम बदलून सौम्य आणि मध्यम फरक असणाऱ्यांना वाहन परवान्याचा मार्ग मोकळा केला. आणि आपल्याच लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचं प्रकरण: संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवड झालेल्या एका उमेदवाराला रंगदृष्टीच्या कारणाने प्रवेश नाकारला गेला होता. ते सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि एप्रिल २०२२ मध्ये संस्थेच्या सर्व अभ्यासक्रमांचं दार अशा विद्यार्थ्यांना उघडं ठेवायला सांगितलं. चित्रपट एकट्याच्या डोळ्याने बनत नाही, आणि तो पाहणाऱ्या गर्दीतही सगळ्यांचे डोळे सारखे नसतात. हे मी मुलांना आवर्जून सांगितलं, कारण आमच्या यंत्राचा आकडा उद्या कुणीतरी कुणाला गाळायला वापरू शकतो. आकडा देताना उजेड कोणता, क्षेत्र केवढं, आणि तुलना कोणाच्या डोळ्याशी, हे तिन्ही लिहिल्याशिवाय कागद प्रयोगशाळेबाहेर जाणार नाही असं ठरलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सोमवारी घटस्थापना. नऊ दिवसांचे नऊ रंग जाहीर झाल्यापासून काकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि पाऊस असल्याने पायरीवर जाऊन बघणंही होत नाही. म्हणून उजेडपेटीतून निघालेलं काम थेट त्यांच्या काउंटरवर न्यायचं ठरवलं: कमानीसारखा स्टँड, त्यावर दोन दिवे, एका खटक्यावर हा तर दुसऱ्यावर तो. दोन्हींखाली जुळलं तरच कापायचं.

दिवा निवडताना त्याच्या खोक्यावरच्या रंगदर्शकतेच्या (त्याखाली रंग किती खरे दिसतात त्याच्या) एकट्या आकड्यावर जाता येत नाही. तो आकडा आठ फिक्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल नववा नमुना, तो सरासरीत धरत नाहीत. त्यामुळे ८० लिहिलेल्या दिव्याखालीही कुंकू, डाळिंबी, लाल शालू मलूल दिसू शकतात. नवव्या नमुन्याचा आकडा खोक्यावर सहसा नसतो. कंपनीचा तांत्रिक कागद मागवून तो बघितला आणि ९० च्या वरचा दिवा घेतला. सीडीच्या खोक्यातून पाहिलं तर तांबड्याची बाजू शेवटपर्यंत भरलेली आहे. दुसरा दिवा मुद्दाम साधाच ठेवला, मंगल कार्यालयांत असतो तसा पिवळट, कारण साडी शेवटी तिथेच नेसली जाणार.

रविवारी सकाळी स्टँड बसवायला दोघं जाणार आहेत, त्यांतला एक आमचा हिरव्याकडच्या जुळणीचा. कुठल्या जोड्या त्याच्या डोळ्याला फुटतात आणि काकांच्या नाही, आणि उलट, याची यादी तो तिथेच करेल. राखाडी आणि मेहंदीपासून सुरुवात.